ओलिसांनी न विचारलेला प्रश्न

एकशे चौदा फॉर्म परत आले. एकशे नऊ जणांनी लिहिलं होतं 'छान'. उरलेल्या पाच जणांनी 'अतिशय छान'. धाराशिवच्या एका जुन्या एकपडदा थिएटरच्या ऑफिसात टेबलावर तो गठ्ठा होता आणि त्याच्याभोवती आम्ही तिघं बसलो होतो. दिग्दर्शक दिगंबर, निर्माते देसाईसाहेब आणि मी. फॉर्म वाचून आनंद व्हायला हवा होता. पण सिनेमा चालू असताना आम्ही तिघंही आतच होतो, त्यामुळं सिनेमा पडलाय हे आम्हाला माहीत होतं.

मी फिल्म एडिटर आहे. शूटिंगमध्ये एकेक प्रसंग आठ-आठ, दहा-दहा वेळा घेतात. त्यातला कुठला तुकडा ठेवायचा, किती ठेवायचा, कशाला जोडायचा, हे मी ठरवते. काम चांगलं झालं तर असं काही काम असतं हेच कुणाला कळत नाही. बिघडलं की सगळ्यांना कळतं. सत्तावीस वर्षं हेच करतेय आणि ते मला येतं, याबद्दल माझ्या मनात शंका नसते. त्या दुपारी मात्र जरा आली होती.

दिगंबर नट आहे. मालिकांमध्ये खलनायकाची कामं करून त्याला पंधरा वर्षं झाली. बायका त्याला रस्त्यात थांबवून शिव्या देतात आणि तो हात जोडून ऐकून घेतो. मूळचा येरमाळ्याचा. दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच सिनेमा. गोष्ट साधी होती. गावातल्या बँकेच्या शाखेत सकाळी सकाळी एक माणूस शिरतो. तोंडाला पंचा बांधलेला, हातात पिस्तूल. आतून शटर ओढतो आणि नऊ माणसांना दिवसभर ओलीस धरून ठेवतो. त्याच्या बहिणीला एका गाडीनं उडवलेलं असतं आणि ती केस दाबलेली असते. ती पुन्हा उघडा, एवढीच त्याची मागणी. संध्याकाळी तो स्वतःच तोंडाचा पंचा सोडतो, शटर उघडतो आणि हात वर करून बाहेर जातो. संपला सिनेमा. तो पंचावाला दिगंबर स्वतःच झाला होता.

देसाईसाहेबांना हा शेवट मान्य नव्हता. त्यांच्या मते पोलिसांनी शटर फोडावं, गोळ्या चालाव्यात आणि माणूस बँकेच्या पायरीवर पडावा. ते वाईट निर्माते नव्हेत. नवख्या दिग्दर्शकाच्या हाती सिनेमा द्यायला छाती लागते, ती त्यांच्याकडं होती. त्यांनी आधीच स्वच्छ सांगून ठेवलं होतं की टेस्ट स्क्रीनिंगमध्ये लोकांनी शेवट उचलला तर दिगंबरचा शेवट. नाही उचलला तर शुक्रवारी फायटरांची टीम त्याच बँकेवर येईल आणि आपण गोळीबार शूट करू. दिगंबर म्हणाला होता, मग दिग्दर्शक म्हणून माझं नाव काढा. मालिकेत तो असली वाक्यं रोज बोलतो. पण हे बोलताना त्याचा आवाज खाली गेला होता, आणि मालिकेत तो कधीच खाली जात नाही.

टेस्ट स्क्रीनिंग म्हणजे सिनेमा पक्का व्हायच्या आधी अनोळखी प्रेक्षकांना दाखवून त्यांचं मत घेणं. रक्त तपासायला देतो तसंच. नमुना शुद्ध हवा, नाहीतर रिपोर्ट कितीही सुबक असला तरी उपयोग नाही. आणि नमुना आम्हीच नासवला होता.

झालं असं की आपला माणूस दिग्दर्शक होऊन आलाय म्हटल्यावर गावकऱ्यांनी शोच्या आधी सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार आणि फेटा. नको म्हणणं दिगंबरला जमलं नाही. मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. सिनेमा संपल्यावर तोच गडी, तोच फेटा बांधून, दारात उभा राहून एकेकाच्या हातात फॉर्म देत होता. फॉर्मवर सगळ्यात वर नाव, गाव आणि मोबाइल नंबर. आता आपल्याकडं ज्याला फेटा बांधला त्याला त्या दिवशी नावं ठेवायची नसतात. शत्रूसुद्धा ठेवत नाही. त्यात नाव-गाव लिहून द्यायचं म्हटल्यावर लोकांनी लग्नातल्या आहेराच्या वहीत लिहावं तसं लिहिलं. एका काकांनी 'छान'च्या खाली लिहिलं होतं, 'चि. दिगंबर यांस पुढील वाटचालीस शुभेच्छा. आता लग्नाचं मनावर घ्यावं.'

देसाईसाहेबांनी फॉर्म बाजूला सारले. "लोकांनी तुझ्या तोंडाकडं बघून लिहिलंय. शेवट चालू होता तेव्हा ते चपला शोधत होते. मी बघितलंय."

ते खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं, आणि हे मी छातीठोक सांगू शकत होते, कारण माझ्याकडं वही होती.

स्क्रीनिंगला मी पडद्याकडं बघत नाही. सिनेमा मला पाठ असतो. मी कडेच्या खुर्चीत बसून लोकांकडं बघते आणि कुठल्या मिनिटाला काय झालं ते टिपते. कोण खोकलं, कुणाचा मोबाइल उजळला, कोण उठलं. या थिएटरच्या खुर्च्या जुन्या, लोखंडी सांध्यांच्या. माणूस हलला की खुर्ची वाजायची. माझं काम सोपं झालं. एकसष्टाव्या मिनिटापर्यंत खुर्च्या गप्प होत्या. बासष्टाव्या मिनिटाला एक वाजली, मग चार, मग रांगच्या रांग. मग कुणीतरी तोंडावर हात धरून हसलं. मग कुजबुज सुरू झाली. तिथून शेवटापर्यंत लोक सिनेमात परत आलेच नाहीत.

बासष्ट ते सहासष्ट ही चार मिनिटं मला सगळ्यात जास्त आवडायची. नऊ ओलीस जमिनीवर बसलेत, तो समोर खुर्चीवर बसलाय, कुणी बोलत नाही. फक्त चेहरे, घाम आणि पंखा. त्या चार मिनिटांवर मी अकरा दिवस घालवले होते. पुण्यात आमच्या धंद्यातल्या लोकांना दाखवलं तेव्हा एकानं उठून माझा हात हातात घेतला होता. आणि इथं लोक हसले. मला राग आला, हे कबूल करते. पहिला विचार हाच आला की या लोकांना कळत नाही.

मी देसाईसाहेबांना म्हणाले, "शेवट पडलेला नाही. माणसं त्याच्या आधीच उतरून गेलीत. बासष्टाव्या मिनिटाला."

"का?"

"ते माहीत नाही."

"मग शोधा. गुरुवारी दुपारी हेच थिएटर मोकळं आहे. तोवर काही झालं तर परत बघू. नाहीतर शुक्रवारी गोळीबार." ते सोलापूरला निघून गेले. त्या दिवशी सोमवार होता.

थिएटरचे मॅनेजर रशीदभाई ऑफिसला कुलूप लावायला आले. साठीचे गृहस्थ. तीस वर्षं त्या दारात टॉर्च घेऊन उभे राहिलेत. पडद्याला पाठ आणि प्रेक्षकांना तोंड, म्हणजे एका अर्थी माझेच व्यवसायबंधू. मी फॉर्म चाळत बसलेली बघून म्हणाले, "मॅडम, ह्या कागदावर यकीन करू नका. इथं कुणी खोटं बोलत न्हाय, पण पाव्हण्याच्या तोंडावर खरं बी बोलत न्हाय."

मी विचारलं, हसले ते कोण होते हे कसं कळणार?

"मला ठावं हाय की. आमच्याकडचे हसणारे ठरलेले हैत. सकाळी बोलावतो."

मंगळवारी सकाळी थिएटरच्या कँटीनमध्ये सहा जण आले. एक एस.टी. कंडक्टर, एक शाळामास्तर, तुळजापुरात लॉज चालवणारे एक जण, दोन कॉलेजची मुलं आणि अणदूरच्या विमलबाई. विमलबाईंची चार एकर शेती होती, त्या लेकीकडं आल्या होत्या आणि लेकीनं त्यांना सिनेमाला आणलं होतं. दिगंबरला मी मुद्दाम आम्ही उतरलो होतो त्या लॉजवर ठेवून आले होते.

चहा आला. बसल्या बसल्या कंडक्टरनं विचारलं, मॅडम कुठल्या? मी म्हटलं, पुण्याच्या. ते नव्हे, मूळ गाव? मी म्हटलं, कळंब. मग कळंबात कुठं, आडनाव काय, वडील काय करायचे, हे झालं. मास्तरांनी माझा चुलतभाऊ शोधून काढला. तो त्यांच्या मेहुण्याच्या बरोबरीनं शिकलेला निघाला. विमलबाई म्हणाल्या, मग तुमी आमच्याच की. हे सगळं होईपर्यंत माझा चहा निवला. मला कामाची घाई होती आणि या चौकश्यांचा मनातून कंटाळा आला होता. सतरा वर्षांची असताना मी कळंब सोडलं, तेव्हा याच चौकश्यांपासून सुटले म्हणून मला केवढा आनंद झाला होता.

मग मी कामाला लागले. सिनेमा कसा वाटला? छान. काही खटकलं का? तसं काही नाही. मध्ये जरा लांबला का? चालतंय की मॅडम, सिनेमा म्हटल्यावर लांबायचाच. कालचे फॉर्म तोंडी भरून घेतल्यासारखं चाललं होतं. कॉलेजची मुलं मान खाली घालून बिस्किटं खात होती. अर्धा तास गेला. माझा पेशन्स संपला आणि मी जरा चिडूनच बोलले.

"बरं, सिनेमा सोडा. तुम्ही स्वतः त्या बँकेत असता आणि तो पंचावाला समोर बसलेला असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

मग विमलबाईंनी कपबशी खाली ठेवली.

"काय म्हंजे? पैलं त्येला इचारलं असतं, बाबा, तू कुठला?"

आणि सगळं कँटीन हसलं. कालचंच हसू होतं ते, पण आज तोंडावर हात नव्हता. मास्तर म्हणाले, तेच तर. सकाळपासनं माणूस समोर बसलाय, बोलणं आपल्याकडचं, आणि नऊ जणांतल्या एकालाही विचारावंसं वाटत नाही की कुठलं गाव, कुणाचा कोण? कंडक्टर म्हणाला, माझ्या गाडीत सीटवर टेकल्यापासनं पाच मिनिटांत हे झालेलं असतं. कळंबपर्यंत सोयरीक निघते. रशीदभाई दारातूनच म्हणाले, "पिस्तूल असलं म्हणून काय झालं? पिस्तूलवाल्याला गाव नसतं व्हय?"

विमलबाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आन त्यो सांगतो का न्हाय, हेच बघत बसले असते म्या. त्येनं गाव सांगितलं की त्यो आपला झाला. मग त्येला गोळी झाडता येत न्हाय. न्हाय सांगितलं, तर मग मातर भ्या वाटलं असतं."

मी ते वहीत लिहिलं नाही. तासाभरापूर्वीच याच लोकांनी मला तीन वेळा गाव विचारलं होतं आणि मी ती कटकट समजून कधी संपते याची वाट बघत होते. कळंबची मी. येरमाळ्याचा दिगंबर. आम्ही दोघांनी मिळून मराठवाड्यातली नऊ माणसं चार मिनिटं गप्प बसवली होती आणि त्याला तणाव म्हणत होतो. इथल्या माणसाला त्यात तणाव दिसला नाही, खोटेपणा दिसला. एकदा खोटं वाटल्यावर पुढं शेवट कसलाही असो, त्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मला लाज वाटली. राग होता तो सगळा माझ्याकडं वळला.

कारण कळलं, पण उपाय कुठून आणायचा? नऊ ओलिसांतले तिघं मुंबईचे कलाकार, आता दुसऱ्या कामांवर गेलेले. बँकेचा सेट म्हणजे कळंब रस्त्यावरच्या एका गावातली बंद पडलेली शाळा, ती फायटरांसाठी राखून ठेवलेली. नवीन प्रसंग शूट करणं शक्य नव्हतं.

लॉजवर परत येताना रिक्षात मी हिशोब लावला. उरलेले सहा ओलीस त्याच गावची साधी माणसं होती. नुसतं बसायचं, बोलायचं नाही, म्हणून त्यांना घेतलं होतं. ती माणसं आठ दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या खोलीत बसली होती. विमलबाई म्हणतात ते खरं असेल, तर त्यांच्यापैकी कुणीतरी, कधीतरी, कॅमेरा चालू असताना विचारलं असणारच. न विचारणं शक्यच नव्हतं.

शूटिंगमध्ये बिघडलेल्या तुकड्याला एनजी म्हणतात. वापरायचा नाही असा शिक्का. सोबत कागदावर कारण लिहिलेलं असतं. मी लॅपटॉप उघडला, हार्ड डिस्क जोडली आणि त्या प्रसंगाचे एनजी काढले. सात होते. फोकस गेला. माईक दिसला. कुणीतरी शिंकलं. आणि चौथ्यापुढं लिहिलं होतं, 'आजी बोलल्या.' हा कागद मी दोन महिन्यांपूर्वी वाचला होता. आजी बोलल्या म्हणजे काम बिघडलं, एवढं समजून तो तुकडा उघडलाही नव्हता. सत्तावीस वर्षांच्या अनुभवाचा हा असा फायदा असतो.

आता उघडला. सोजरबाई नावाच्या एक आजी होत्या, गुडघे जवळ घेऊन बसलेल्या. बराच वेळ त्या पंचा बांधलेल्या दिगंबरकडं टक लावून बघतात. मग अगदी सहज, शेजारच्याला विचारावं तसं विचारतात, "कुठलं गाव रं बाबा तुजं?"

पण खरी गंमत पुढच्या दीड सेकंदात होती. दिगंबर त्यांच्याकडं वळतो. तोंड झाकलेलं, फक्त डोळे दिसतात. आणि ते डोळे एकदम मऊ होतात. पंच्याखाली ओठ हलतो. मग तो सावरतो, कॅमेऱ्याकडं बघतो आणि कट म्हणतो.

मी दिगंबरला शेजारच्या खोलीतून बोलावलं आणि काही न सांगता तुकडा दाखवला. त्यानं तीनदा बघितला. मग पलंगावर बसला.

"ताई, मी तेव्हा खरंच सांगणार होतो. येरमाळ्याचा म्हणून. तोंडातून निघालंच होतं. म्हणून तर कट म्हणालो."

"तेच हवंय," मी म्हटलं. "तो दीड सेकंद."

तिथून पुढं काम माझ्या हातात होतं आणि मला काम येतं. चार मिनिटांची शांतता मी दीड मिनिटावर आणली. त्यात सोजरबाईंचा प्रश्न बसवला, मग दिगंबरचे डोळे, आणि कॅमेऱ्याकडं नजर वळायच्या आधी कात्री. त्याच्यापुढं एक तुकडा लावला, ज्यात तो एकदम पिस्तूल उचलतो. मुळात तो फोन वाजतो त्या प्रसंगातला होता. पण इथं लावल्यावर असं दिसायला लागलं की गावाचं नाव ओठावर आलं, म्हणून घाबरून त्यानं पिस्तूल उचललंय. फोनला घाबरणारा माणूस बघितलेला असतो. गावाच्या नावाला घाबरणारा नाही.

आता सोजरबाई एवढ्यावर गप्प बसल्या नसत्या. त्यांची आणखी दोन-तीन वाक्यं हवी होती. ती नव्यानं चित्रित करायची गरज नव्हती. माणूस पाठमोरा असताना किंवा दुसऱ्याचा चेहरा दिसत असताना आवाज मागाहून घालता येतो. त्याला डबिंग म्हणतात. बुधवारी सकाळी आम्ही दोघं रेकॉर्डर घेऊन त्यांच्या गावी गेलो.

सोजरबाईंनी आधी मला गाव विचारलं. या वेळी मी सगळं नीट सांगितलं, चुलतभावासकट. मग त्या दिगंबरला म्हणाल्या, त्या दिवशी तुमचा माणूस माझ्या अंगावर आला व्हता, गप बसा म्हणून. दिगंबरनं त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, चुकलं आजी, आता पाहिजे तेवढं बोला. आवाज घुमू नये म्हणून आतल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या. मी माईक धरला. म्हटलं, बोला.

सोजरबाई गप्प. मी पुन्हा म्हटलं. त्या म्हणाल्या, भिंतीला कसं इचारू? माणूस नको व्हय समोर?

मग दिगंबर तोंडाला पंचा बांधून त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. सोजरबाईंनी त्याला नीट न्याहाळलं आणि सुरू झाल्या. बार्शीकडला हैस का? न्हाय, तिकडलं बोलणं न्हाय तुजं. येडाईच्या येरमाळ्याकडलं वाटतंय. कुणाचा तू? आई हाय का घरी? दिगंबर ठरल्याप्रमाणं गप्प. मला हवं ते मिळालं होतं. मी थांबा म्हणणार, तेवढ्यात सोजरबाईंनी पुढं वाकून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि फार हळू म्हणाल्या, "आता तरी सांग."

दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला तिथं रडायचं काही कारण नव्हतं. कॅमेराही नव्हता.

ते वाक्य मी सिनेमाच्या शेवटाला वापरलं. शटर उघडायच्या आधी तो क्षणभर पाठमोरा उभा राहतो, असा एक शॉट होताच. त्यावर सोजरबाईंचा आवाज, आता तरी सांग. आणि पाठमोऱ्या दिगंबरचं उत्तर, येरमाळ्याचा हाय, आजी. मग तो पंचा सोडतो आणि शटर उचलतो. बाकी शेवट होता तसाच ठेवला. एक फ्रेमही हलवली नाही.

गुरुवारी दुपारी पुन्हा तेच थिएटर. या वेळी सत्कार नव्हता, फेटा नव्हता. दिगंबरला मी प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये बसवलं आणि खाली यायचं नाही म्हणून बजावलं. रशीदभाईंनी वेगळी माणसं गोळा केली होती. त्यात बाजाराला आलेले होते, डेपोतले कर्मचारी होते, त्यांच्या मोहल्ल्यातल्या आठ-दहा बायका होत्या. देसाईसाहेब शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. मी माझ्या कडेच्या खुर्चीत.

साठ मिनिटं झाली. एकसष्ट. बासष्टाव्या मिनिटाला सोजरबाईंनी विचारलं, कुठलं गाव रं बाबा तुजं?

एकही खुर्ची वाजली नाही. पडद्यावर दिगंबरचे डोळे मऊ झाले, तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "सांगू नगंस." त्याच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं, "सांग की." पिस्तूल वर आलं आणि अख्खं थिएटर मागं सरकलं. तिथून पुढं पस्तीस मिनिटं मी वहीत काहीही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. लोक बघत होते.

शेवट आला. आता तरी सांग. येरमाळ्याचा हाय, आजी. पंचा सुटला, शटर वर गेलं, उजेड आत आला. आणि माझ्या मागच्या रांगेत बसलेली एक बाई, पदर तोंडाला लावून, पडद्यावरच्या माणसाला म्हणाली, "येड्या, सकाळीच सांगायचं व्हतं की."

मीही डोळे पुसले. कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

दिवे लागल्यावर कुणी छान म्हणालं नाही. लोक व्हरांड्यात उभे राहून भांडत होते. त्यानं सांगायला हवं होतं की नको होतं, यावर दोन तट पडले होते. देसाईसाहेब त्यांच्यातून वाट काढत बाहेर गेले, रस्त्यापलीकडं उभं राहून फोन केला आणि परत आले. फायटरांना येऊ नका म्हणून कळवलं, म्हणाले. मग मला म्हणाले, "शेवट सुधारलात तुम्ही."

"शेवटात दोन वाक्यं घातलीत फक्त," मी म्हटलं. "सुधारलंय ते मधलं."

त्यांनी ते ऐकून घेतलं. निर्माते एरवी घेत नाहीत.

सिनेमा लागला तेव्हा पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत आजीच्या प्रश्नाबद्दल बरंच लिहून आलं. संवादलेखकाची सूक्ष्म दृष्टी, असं एकानं म्हटलं. संवादलेखक अंधेरीला राहतात. त्यांनी मला फोन करून विचारलं, "हे मी कधी लिहिलं?" मी म्हटलं, तुम्ही नाही लिहिलं, पण आता नाही म्हणू नका.

तेव्हापासून मी एनजीचा शिक्का मारलेला प्रत्येक तुकडा आवाज चालू ठेवून बघते. आणि प्रेक्षकाला सिनेमा कसा वाटला हे विचारत नाही. तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं, एवढंच विचारते. यात वेळ जास्त जातो आणि ऐकून घ्यावंही बरंच लागतं. पण दिग्दर्शक म्हणून पडद्यावर दिगंबरचं नाव आहे, ते ऐकून घेतलं म्हणूनच राहिलं.